जरा उघडून बघू?

आमचे साडू कुठल्याही बंद वस्तूसमोर उभे राहिले, की त्यांचा हात आपोआप झाकणाकडे जातो. भात शिजत असो, इडल्या वाफेवर असोत, नाहीतर परक्याच्या घरातला फ्रीज असो. "जरा उघडून बघू?" असं ते विचारतात आणि उत्तर यायच्या आत उघडतात. मग काही बिघडलं, की "काही होत नाही हो!" हे ठरलेलं वाक्य. या दोन वाक्यांच्या बळावर त्यांनी पासष्ट वर्षं मजेत काढली. माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या जूनमध्ये ते बोस्टनजवळच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये उतरले आणि मी केलेल्या एकोणीस लिटर बिअरसमोर उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्याविरुद्ध आणि त्यांच्या पंथातल्या तमाम मंडळींविरुद्ध लेखणी उचलायची माझ्या मनात होती. आज उचलतो.

दचकू नका. इथे घरी बिअर करणं कायदेशीर आहे. १९७८ साली कार्टरसाहेबांनी त्या कायद्यावर सही केली. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असले तर २०० गॅलन. म्हणजे थेंबालाही न शिवणाऱ्या आमच्या सौ.च्या नावावर सरकारने १०० गॅलन मंजूर केले आहेत. ते मी सांभाळतो. (पुण्याच्या वाचकांनी मात्र हे करायला जाऊ नये. १९४९ चा दारूबंदी कायदा तिथे अजून जिवंत आहे, आणि त्यात नुसतं प्यायलासुद्धा परवाना लागतो.)

मी करतो त्या बिअरला म्हणतात हेझी आयपीए. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे म्हणून छाती फुगवू नका. ती इंडियातल्या साहेबांसाठी होती, आपल्या आजोबांना कुणी विचारली नव्हती. इंग्लंडहून निघालेलं पिंप केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबईला नाहीतर कलकत्त्याला लागायचं. त्या पिंपात वरून कोरडा हॉप घालायची पद्धत तेव्हाचीच. त्याच घराण्यातली ही व्हरमाँटची गढूळ नात. वॉटरबरी नावाच्या छोट्या गावात 'अल्केमिस्ट'वाल्यांनी 'हेडी टॉपर' केली, ती २०११ पासून डब्यात भरायला लागले, आणि बघता बघता आमच्या न्यू इंग्लंडात जो तो ढगाळ बिअर करू लागला. आजी सहा महिने समुद्र कापून गेली. नातीला दाराशी वारा लागला तरी ती आजारी पडते. इंडिया पेल एल म्हणायचं आणि इंडियापर्यंत पोचायची ताकद नाही, असा हा प्रकार.

का, ते ऐका. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं. वेल भांगेच्या कुळातली. हे मी सौ.ला सांगितलेलं नाही. ही फुलं उकळली की कडूपणा येतो, पण वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून उकळण्याच्या वेळी हात आखडता घ्यायचा, आणि यीस्टचं काम होत आलं, बिअर थंडावली, की मग हॉप घालायचा. त्याला म्हणतात ड्राय हॉपिंग. दोन-तीन दिवसांत आंबा, संत्रं, पेरू, अननस यांचा असा घमघमाट सुटतो, की डोळे मिटले तर मंडईत उभं असल्यासारखं वाटावं. हा घमघमाट हीच या बिअरची सगळी इस्टेट. आणि तिचा एकमेव शत्रू म्हणजे हवा. ज्याला आपण प्राणवायू म्हणतो तो हिचा प्राण घेतो. आधी वास जातो, मग आमरसासारखा रंग मळकट तपकिरी होतो, शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

आता 'काही होत नाही'वाले म्हणतात, एवढ्याशा हवेने काय होतंय? हिशेब करू. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. झाकणाखाली एक लिटर हवा शिरली आणि तिच्यातला सगळा प्राणवायू एकोणीस लिटर बिअरने प्यायला, तर लिटरमागे १५ मिलिग्रॅम. चांगल्या ब्रुअऱ्या बिअर भरताना हा आकडा ०.०५ च्या खाली राहावा म्हणून जीव टाकतात. म्हणजे तीनशे पट! बँकेत तीनशे रुपये भरून पासबुकात एक रुपया दिसला तर याच साडूंनी मॅनेजरची गचांडी धरली असती.

दुसरा युक्तिवाद विद्वानांचा. "यीस्ट खाऊन टाकतं की प्राणवायू!" टाकतं ना. पहिल्या दिवशी टाकतं. तेव्हा त्याला अंग धरायचं असतं, म्हणून आपणच रस घुसळून हवा पाजतो. पण जेवून, हात धुऊन, पान खाऊन झोपलेल्या माणसाच्या पानात पुन्हा पुरी वाढून "खाईल हो" म्हणण्यात काय अर्थ आहे? बरं, यीस्ट जागं असताना हॉप घाला, तर अर्धा वास बुडबुड्यांबरोबर निघून जातो आणि कधी कधी सगळं भांडंच कारंजं होऊन छताला लागतं. छतावरचा तो डाग अजून आहे. सौ. पाहुण्यांना दाखवते.

तिसरे महाभाग म्हणजे "कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो वर पांघरुणासारखा बसतो" म्हणणारे. अहो, वायू म्हणजे काय सोलापुरी चादर आहे, घातली की राहिली? झाकण उघडलं की वारे एकमेकांत मिसळतात. कोपऱ्यात उदबत्ती लावली तर वास त्या कोपऱ्यातच थांबतो का?

आणखी एक पंथ आहे, वास गेला तर दुप्पट हॉप घाला म्हणणारा. (हॉप विकणारे यात आघाडीवर.) ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लाफोंटेन आणि शेलहॅमर यांनी २०१८ साली हे तपासून छापलं. लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे गेलं, की फळांचा वास त्या मानाने वाढत नाही, उलट पाल्याचा, चहापत्तीचा वास पुढे येतो. भाजीत मीठ कमी पडलं तर घालता येतं, पण करपलेल्या भाजीत कितीही कोथिंबीर घाला, काय उपयोग?

खरं म्हणजे हे मराठी माणसाला सांगावंच लागू नये. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीत फोडींवर बोटभर तेल कशासाठी उभं ठेवतात? शोभेला? वांगं चिरल्याबरोबर पाण्यात का टाकतात? माझ्या आजीने प्राणवायू हा शब्द फक्त आजोबा दवाखान्यात असताना ऐकला, पण तिच्या बरणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिच्या पायाशी बसूनच मी हे शिकलो असं म्हणायला हरकत नाही. फक्त उपकरणं वाढली. हॉपची पिशवी झाकणाला आतून चिकटवायची, बाहेरून लोहचुंबक लावायचं. वेळ आली की चुंबक काढायचं, पिशवी आत पडते, झाकण जागचं हलत नाही. पिंप आधी निर्जंतुक पाण्याने काठोकाठ भरायचं, मग कार्बन डायऑक्साइडने ते पाणी ढकलून बाहेर काढायचं आणि बंद नळीने बिअर आत घ्यायची. बिअर गार करताना ती आकसते आणि बाहेरची हवा ओढते, म्हणून नळीला त्याच वायूचा फुगा बांधायचा. तो फुगा बघून सौ.ने विचारलं होतं, "वाढदिवस कुणाचा?"

तर जूनमध्ये आमच्या लेकीचं लग्न होतं. "स्वागताला बाबांची बिअर हवी," हा तिचा हट्ट. होणारे व्याही व्हरमाँटचे. त्यांना बिअरमधलं कळतं. मी दीड महिना आधीपासून वही घालून तयारी केली. चुंबक काढून हॉप सोडला, त्याच्या दुसऱ्या रात्री साडूंना झोप येईना, म्हणून ते खाली गेले. त्यांनी उघडलं, वास घेतला, कालथ्याने ढवळलं आणि झाकण ठेवलं. लावलं नाही, ठेवलं. सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "फर्स्टक्लास वास येतोय हो तुमच्या त्याला!"

दहा दिवसांनी ग्लासात जे उतरलं ते पंचगंगेच्या पुराच्या रंगाचं होतं. व्याह्यांनी घोट घेतला आणि "इंटरेस्टिंग" म्हणाले. अमेरिकेत हा शब्द कुठे वापरतात ते इथे राहणाऱ्यांना विचारा. लेकीने घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, ही तुमची नाहीये."

साडूंना मी त्या दिवशी काही बोललो नाही. नंतरही नाही. कारण वही माझ्याकडे आहे, आणि तिच्यात माझ्याच अक्षरात दोन नोंदी आहेत. 'झाकण काढून पाहिलं. ठीक.' तीन दिवसांनी पुन्हा, 'जरा वास घेतला. ठीक.' या दोन उघडण्यांनी किती गेलं आणि साडूंच्या कालथ्याने किती गेलं, याची वाटणी करायला माझ्याजवळ यंत्र नाही. असतं तरी मी ते लावलं असतं का, कुणास ठाऊक.

यंदा साडू परत आले आहेत. लेक आणि जावई शनिवारी जेवायला यायचे आहेत, आणि नवीन भांडं बेसमेंटमध्ये आहे, चारी बाजूंनी कडी ठोकून. काल रात्री पायऱ्यांवर पावलं वाजली म्हणून मी खाली गेलो, तर साडू अंधारात भांड्यासमोर उभे. हात मागे बांधलेले. मला बघून म्हणाले, "उघडत नाही हो. नुसता कान लावलाय. या, ऐका, काहीतरी बोलतंय आत."

मी दुसऱ्या बाजूने कान लावला.