दारातला प्रवासी आणि रेल्वेचा हिशेब

९ जून २०२५ रोजी सकाळी, ऐन कामावर जाण्याच्या वेळी, मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींजवळून जात असताना दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील किमान चार जण मृत्युमुखी पडले. यापुढे येणाऱ्या नव्या लोकलगाड्यांना आपोआप मिटणारी दारे असतील, असे रेल्वे मंत्रालयाने त्यानंतर तातडीने जाहीर केले. दार मिटले की माणूस बाहेर पडणार नाही, हे उघड आहे. पण जो आत मावत नव्हता म्हणून दारात उभा होता, त्याने जावे कोठे?

आपल्याकडे दारातल्या प्रवाशाला बेफिकीर ठरविण्याची रीत जुनी आहे. स्थानकावरचा ध्वनिक्षेपकही त्याला दिवसभर हेच ऐकवीत असतो. वस्तुतः दारात लोंबकळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपल्यापुरता रोखठोक हिशेब केलेला असतो. ही गाडी सोडली तर पुढची तितकीच भरलेली येणार, मस्टरवर लाल शेरा पडणार आणि तीन लाल शेऱ्यांची अर्धी रजा जाणार. जोखीम अनिश्चित असते, पगारातली कपात निश्चित. (हौसेखातर लोंबकळणारी पोरे असतात, पण सकाळच्या आठच्या गर्दीत ती शोधावी लागतील.) विशेष म्हणजे कायद्याने हा दोषारोप केव्हाच बाजूला सारला आहे. रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमान्वये गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला, रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई मिळते, आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

तरीही हे मृत्यू रेल्वेच्या ताळेबंदात ठळकपणे दिसत नाहीत. टक्कर झाली, डबे घसरले, आग लागली, तर तो ‘अपघात’. दारातून पडणे किंवा रूळ ओलांडताना मरणे यांची गणना निराळी. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २,५९० माणसे गेली, म्हणजे दिवसाला सात. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्येच अशा मृत्यूंना संहार म्हटले होते. एका दिवसात इतके डबे घसरते, तर चौकशी आयोग बसला असता. रोज सात या दराने मरणाऱ्यांचा खर्च मात्र ज्याच्या त्याच्या घरावर पडतो, आणि जो खर्च दुसऱ्याने सोसायचा तो टाळण्याची घाई कोणत्याच संस्थेला नसते.

रेल्वेचे यावर ठरलेले उत्तर असे, की उपनगरी भाडे खर्चाहून कमी आहे आणि प्रत्येक पासामागे तोटा होतो. ते खोटे नाही. परंतु ही सवलत एकट्या प्रवाशाच्या पदरात पडते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कल्याण-विरारला राहणारा कारकून फोर्टातल्या पेढीला परवडतो, तो या स्वस्त पासामुळेच. तेव्हा मालकवर्गाने, आणि सर्वांत मोठा मालक या नात्याने शासनानेही, या ओझ्याचा वाटा उचलला पाहिजे. कार्यालयांच्या वेळा विभागण्यास फारसे भांडवल लागत नाही. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांपुरते ते करून पाहिले. इतरांनी त्याचे अनुकरण उत्साहाने केल्याचे दिसत नाही.

भांडवली कामांची गती तर सर्वज्ञात आहे. ठाणे ते दिवा ही पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ मध्ये पुरी झाली. पंधरा डब्यांची लोकल पश्चिम रेल्वेवर २००९ पासून धावते, पण मध्य रेल्वेवरच्या बहुतेक गाड्या आजही बारा डब्यांच्याच आहेत. गाडीबाहेर ठेवलेली गर्दी काय करू शकते, हे २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर दिसले. तेथे चेंगराचेंगरीत २३ जण मेले.

आता मिटणाऱ्या दारांकडे पुन्हा वळू. डोंबिवलीसारख्या स्थानकावर लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. गर्दीत दार पुरते मिटेपर्यंत गाडी हलणार नसेल, तर प्रत्येक थांब्याला काही सेकंद वाढतील आणि तासाभरात तितक्या गाड्या कमी सुटतील. त्या किती कमी होतील, आणि ती तूट वाढीव डब्यांनी कोणत्या वर्षापर्यंत भरून निघेल, हे दोन आकडे दारे बसविण्यापूर्वी रेल्वेने जाहीर करावेत.