दीदींचे तास कोण मोजणार?

अंगणवाडीतल्या दीदींचं काम अर्धवेळ असतं, असं आमच्या ग्वाल्हेरात शिकलेसवरलेलेही म्हणतात. दुपारी केंद्राला कुलूप दिसलं की झालं! मी थाटीपूरच्या दर्पण कॉलनीत राहणारी निवृत्त शिक्षिका. माझ्या शाळेचीही घंटा दुपारीच व्हायची, पण मला कुणी अर्धवेळ म्हटलं नाही.

कुलूप लावल्यावर दीदी कुठे जातात? गरोदर बायकांच्या घरी. लसीकरण चुकलेल्या बाळाच्या आईला समजवायला. घरी परतून पोळ्या लाटायच्या आधी मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपवर मुलांची वजनं भरायची, तीही नेटवर्क कृपावंत असेल तर. निवडणूक आली की मतदार याद्या गळ्यात. केंद्राची जागा म्हणाल तर, आमच्या भागात मी पाहिलेली एक भाड्याची खोली आहे. शिधा, वजनकाटा, रजिस्टरं आणि तीन ते सहा वर्षांची पोरं, सगळं तिच्यातच. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. दीदींच्या तासांचा हिशेब मांडणाऱ्यांनी तेव्हा त्या खोलीत एक सकाळ बसून पाहावं. पंख्याखालची जागा मुलांची असते, हे मात्र ध्यानात ठेवावं.

अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. पन्नास वर्षं लोटली, तरी सेविका कागदोपत्री मानसेवीच. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये त्यांचं मानधन महिना ४,५०० रुपये ठरवलं, वरची भर राज्यं आपापल्या ऐपतीनं आणि निवडणुकीच्या हवेनं घालतात. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या दाहोदमधल्या सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठापुढे सरकारनं हे काम अर्धवेळ असल्याचं सांगितलं होतं. ते पीठानं मानलं नाही. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संपावर बसावं लागलं. तेव्हा पुण्यातल्या माझ्या भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, मुलांच्या खाऊचं काय गं?" दीदींच्या भाकरीचं तिनं विचारलं नाही. तिचा दोष नाही, आपण सगळेच असं विचारतो.

मध्य प्रदेश असो वा महाराष्ट्र, सरकारनं आधी गृहभेटींचे आणि मोबाइलवरच्या नोंदींचे तास हजेरीपटावर आणावेत आणि त्यांचे पैसे द्यावेत. मतदार याद्यांसाठी दुसरी माणसं नेमावीत. केंद्र उघडं असतं त्या वेळेवर तिथल्या मुलांचा हक्क आहे.