मामंजींची येझदी

मैत्रिणींनो, तुमच्या जिन्याखालीही एखादी जुनी मोटारसायकल गोणपाट पांघरून गंजत पडली आहे का? आमच्या आंबिवलीच्या घरी होती. मामंजींची १९८२ची येझदी. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात ते तिच्यावरूनच पाळीला जात. कारखाना २००९ साली बंद पडला, पुढे मामंजीही गेले आणि गाडी तशीच उभी राहिली. दिवाळीच्या सफाईत ह्यांनी आणि चिरंजीवांनी ती बाहेर ओढली. "घरीच नवी करू!" झालं! डबे माझे, फडकी माझी, अंगणही माझंच. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

आधी कागद, मग रंग. गाडीचा मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची असते. आमचे राहूनच गेले, उशिराचा भुर्दंड पडला. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गंज खरवडताना चासीवरचा नंबर मात्र जपा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली की ठसा उमटतो. तो आरसी बुकाशी ताडून पाहा.

पेट्रोल घरात आणू देऊ नका. त्याची वाफ हवेहून जड. जमिनीलगत सरकत शेगडीपर्यंत पोचते. टाकी बाहेरच रिकामी करा. ब्रेकची धूळ कोणी फुंकू नये, जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने टिपा आणि फडके टाकून द्या.

आता आपला प्रांत! टाकीत गंज असेल तर पांढरे व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून, उन्हात खडखडीत वाळवून लगेच आतून इंजिन ऑइल फिरवा. नाहीतर आपल्या दमट हवेत ती पुन्हा तांबूस होते. हँडलच्या क्रोमवर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. सुटलेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी चिकटवून. आणि येझदी टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलात ऑइल मिसळायला विसरलात तर इंजिन जाम!

चिरंजीवांना चासी कापून, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून गाडी 'फॅशनेबल' करायची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत असे बदल चालत नाहीत. शिवाय येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद झाला; कापलेला मूळ भाग पुन्हा आणायचा कुठून? हौस सीटच्या कव्हरवर भागवा, म्हटलं.

रंगाच्या दिवशी सासूबाई हळूच अंगणात आल्या. टाकीच्या एका बाजूचा रंग उडाला होता, हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी वर्षानुवर्षे तिथे घासत असे. तो डबा त्या पहाटे चारला उठून भरायच्या. त्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, "हे राहू दे गं."

बाकी गाडीला आरसी बुकातलाच रंग दिला. तेवढ्या जागी गंज लागू नये म्हणून नुसते पारदर्शक लॅकर मारले. चिरंजीव आधी रुसले. आता आलेल्यागेलेल्याला तीच जागा दाखवतात.

तेव्हा बायांनो, पॉलिशपेपर हातात घेण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला एकदा विचारा, काय पुसायचं नाही ते.