रडारचे स्वावलंबन आणि त्याची किंमत

चीनच्या जे-८ विमानांवर अमेरिकी रडार बसविण्याचा सुमारे ५५ कोटी डॉलरचा करार जून १९८९ च्या तिएनआनमेन हत्याकांडानंतर अमेरिकेने रोखला. १९९० मध्ये चीननेच तो मोडला. आज जे-१०सी व जे-२० विमानांच्या अग्रभागी शेकडो सूक्ष्म प्रक्षेपकांचे स्वदेशी रडार आहे. याला निव्वळ चोरी म्हणणारे पाश्चात्त्य टीकाकार अर्धेच सांगतात. अशा रडारच्या अर्धवाहकांना लागणारे गॅलियम बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना मिळते, आणि त्याच्या जागतिक उत्पादनात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा आहे. चोरीने कारखाने उभे राहत नाहीत! ऑगस्ट २०२३ पासून तर चीनने गॅलियमच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. परंतु शस्त्रांवर किती खर्च होतो, हे विचारण्याची मुभा चिनी कामगाराला १९८९ मध्ये नव्हती, आजही नाही.