‘अंगावर दूध नाही’ असं कोण म्हणतं?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत दुधाचा हिशेब घरोघर असतो. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅन जातात, फॅट लागते, बिल येतं. गाय पान्हावली नाही तर काय करायचं हे इथल्या बाईला शिकवावं लागत नाही. वासरू लावायचं, कासेला कोमट पाणी लावायचं, पुढ्यात चारा टाकायचा आणि गोठ्यात कुणी आरडाओरडा करायचा नाही. पण त्याच घरातल्या ओल्या बाळंतिणीचं पोर रात्री दोनदा रडलं की सगळ्यांचं एकमत होतं, “हिला दूधच नाही.” तिला खायला वेळेवर मिळालं का, झोप मिळाली का, बाळ पुरेसा वेळ तिच्याजवळ होतं का, हे कुणी विचारत नाही. (बाईची तुलना गायीशी केली म्हणून मैत्रिणींनी रागावू नये. गायीइतकी तरी चौकशी व्हावी, एवढंच म्हणणं आहे.)

हे वाक्य पहिल्यांदा बोलते ती बहुधा बाळाची आई नसतेच. सासू बोलते, बघायला आलेली शेजारीण बोलते, कधी घाईत असलेली नर्स बोलते. चार दिवस ऐकल्यावर मग आईच म्हणू लागते, “मला येतच नाही.” पुढचं ठरलेलं असतं. गायीच्या दुधात पाणी घालून बाटली, नाहीतर मेडिकलमधून पावडरचा डबा. बाटलीने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि आठवड्याभरात घरच्यांचं भाकीत खरं ठरतं!

दूध तयार होण्याचा नियम साधा आहे. जितकं बाळ ओढेल, जितक्या वेळा स्तन रिकामे होतील, तितकं नवं तयार होतं. पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक येतो, तोही चमच्या-चमच्याने. नवजात बाळाचं पोटही तेवढंच असतं. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणं, संध्याकाळी बाळाने तासन्‌तास छातीला चिकटून राहणं, पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरून दोन आठवड्यांपर्यंत भरून येणं, हे सगळं नेहमीचंच आहे. स्तन मऊ लागले, दाबून धार आली नाही, म्हणजे दूध नाही असं नव्हे. बघायचं ते दुसरीकडे. पाच-सहा दिवसांनंतर बाळ दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं का, आणि वजन वाढतं का? ही दोन उत्तरं ‘हो’ असतील तर सासूबाईंना खुशाल बोलू द्यावं.

काही बायकांना खरोखरच दूध पुरत नाही, हेही तितकंच खरं. बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइडचा आजार असतो, कुणाची स्तनांची वाढच पुरेशी झालेली नसते. बाळ सुस्त पडत असेल, लघवी कमी होत असेल, वजन वाढत नसेल, तर ‘अजून पाजत राहा’ असं सांगत बसणं धोक्याचं आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशा बाळाला वरचं दूध लागलं तर ते उकळलेल्या पाण्याने, डब्यावरच्या प्रमाणात करून, वाटी-चमच्याने द्यावं आणि त्याबद्दल आईला एक शब्दही ऐकवू नये.

पण आपल्या भागात दूध ‘आटतं’ ते बहुतेक वेळा कधी? आई कामाला लागते तेव्हा. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारी बाई दीड-दोन महिन्यांत परत शिफ्टवर जाते. नवरा-बायको दोघंच एका खोलीत राहतात, माहेर लातूर किंवा यवतमाळला. दौंडहून पहाटेच्या गाडीने पुण्याला जाणारी बाई संध्याकाळी घरी येईपर्यंत बाळापासून दहा-बारा तास लांब असते. कांद्याच्या काढणीला सव्वा महिन्याची बाळंतीण बांधावर झोळी बांधून उतरते. ऊसतोडीला आलेल्या जोडप्याचा एक ‘कोयता’ धरतात, बाई पाजायला बसली की मोळ्या कमी भरतात. दिवसभर स्तन भरून राहिले की शरीर समजतं की एवढं दूध लागत नाही. मग म्हणायचं दूध आटलं! आटलेला असतो तो तिचा वेळ. हळीव, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी जरूर खावी, बाळंतिणीला भूक असतेच. पण शिफ्टवर असलेल्या बाईचं बाळ घरी असेल तर लाडू त्याला छातीपर्यंत आणून देत नाहीत.

म्हणून हा विषय ‘आरोग्य खात्याचा’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आपल्या चळवळीचंही इथे चुकत आलं आहे. ‘आईचं दूध म्हणजे अमृत’ या घोषणेत आईला देवीच्या मखरात बसवलेलं आपल्याला आवडत नाही, हे रास्तच. पण त्यामुळे पाजणाऱ्या बाईच्या श्रमाबद्दल आपण बोलतच नाही. पाजणं हे काम आहे, दिवसाचे कितीतरी तास खाणारं, आणि त्याला हजेरीपटावर जागा नाही.

आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवत, हे 1920च्या दशकातल्या अहवालांत नोंदलेलं आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि 1929 साली तो कायदा झाला. पुढे 1961चा मातृत्व लाभ कायदा आला. त्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी दिली. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर व दिवसात चार वेळा तिथे जाण्याची मुभा आली. या तरतुदी आता 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. कागदावर सारं आहे. पण त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत 80 दिवस भरलेले दाखवावे लागतात, आणि मध्येच ‘ब्रेक’ देणारा ठेकेदार ते दाखवू देत नाही. शेतमजूर बाईला तर हा कायदा शिवतच नाही.

तिच्यासाठी काय आहे? 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर-स्तनदा बाईला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. 2017 साली सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला मिळतात 5000. दुसऱ्या वेळी मिळतात ते मुलगी झाली तरच. बाळाला सहा महिने पाणीसुद्धा न देता फक्त अंगावर पाजा, असं सरकार सांगतं. 5000 भागिले 180 दिवस, म्हणजे दिवसाला 28 रुपये. खुरपणीच्या एका दिवसाच्या रोजाशी ताडून बघा.

आणि बाजार बसलेलाच आहे. 1970च्या दशकात गरीब देशांत पावडरच्या दुधाची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध जगभर आंदोलन झालं. 1977 साली नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता केली, आणि 1992 साली आपल्याकडे कायदा झाला. त्याने बाळाच्या पावडरची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यातल्या लोकांना भेटी, सगळ्यावर बंदी आली. तरी “दूध नाही” हे वाक्य म्हणजे फुकटची जाहिरातच आहे. तीन महिन्यांच्या बाळाला पुऱ्या पावडरवर ठेवायचं तर 400 ग्रॅमचे महिन्याला सात-आठ डबे लागतात. ते परवडत नाहीत, म्हणून एका चमच्याला पाणी जास्त पडतं.

मुलगी झाली असेल तर आणखी एक पदर आहे. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून 2011 साली दाखवलं की भारतात मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजलं जातं, कारण मुलगा हवा म्हणून पुढच्या गरोदरपणाची घाई असते. मुलीच्या आईचं दूध लवकर ‘आटलं’ असं ऐकलं की बैठकीत जरा खोदून विचारायला हवं.

खोदून विचारायच्या जागा आणखी आहेत. 2019-21च्या पाहणीप्रमाणे देशात 100पैकी 89 बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात छातीला लावलेली बाळं 42च. बाकीच्यांना तो तास का मिळाला नाही, हे ग्रामीण रुग्णालयात आणि खासगी दवाखान्यातही विचारावं, सिझेरियननंतरसुद्धा. आशाताईने दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा यायचं असतं. ती आली का, वजन केलं का, की नुसती सही झाली? आशाताईला जाब विचारताना तिला मिळणारा तुटपुंजा मोबदलाही त्याच कागदावर लिहावा.

हाताने दूध काढायला आपण बैठकीतच एकमेकींना शिकवू शकतो. स्वच्छ धुतलेल्या भांड्यात झाकून ठेवलेलं दूध सावलीत सुमारे चार तास चालतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. पण कामावर ते काढायला आडोसा आणि पंधरा मिनिटं लागतात, आणि तिथे गाठ ठेकेदाराशी पडते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या किती कारखान्यांत पाळणाघर आहे, त्यात मुलं आहेत की जुन्या खुर्च्या, याची यादी गटांनी पुढच्या तिमाहीत करायला घ्यावी. गेटवर आत सोडणार नाहीत. शिफ्ट सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर थांबलं तर बायका सांगतील.