हायकूवरचा सर्व्हर आणि पाय मोडलेला र

हायकूवर वेब सर्व्हर चालवतोय असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काऊन बाप्पा, लिनक्स संपलं का?"

नाही संपलं. आणि ज्याला गिऱ्हाइकाची साईट चालवायची आहे त्याने मुकाट्याने लिनक्स घ्यावं, फार तर फ्रीबीएसडी. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या ऑपरेटिंग सिस्टिम अजून घडतायत, त्या आपल्यातल्या थोड्या लोकांनी घडत असतानाच वापरायला हव्यात, आणि आपला मराठी मजकूर घेऊन वापरायला हव्यात. पूर्ण होऊन आल्यावर नाही. कारण तोपर्यंत उशीर झालेला असतो.

ज्यांना हायकू म्हणजे जपानी कविताच आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गॅसे यांनी १९९० साली बी इन्कॉर्पोरेटेड काढली, तिची बीओएस. दिसायला देखणी, चालायला चपळ, आणि धंद्यात सपशेल आपटलेली. २००१ मध्ये पामने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि विषय संपला. संपला म्हणजे कंपनीसाठी संपला. त्याच वर्षी काही चाहत्यांनी ठरवलं की हीच सिस्टिम आपण शून्यापासून पुन्हा लिहायची. आधी नाव होतं ओपनबीओएस, २००४ साली हायकू झालं. पहिली अल्फा २००९ मध्ये, पहिली बीटा २०१८ मध्ये, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये. हा वेग बघून हसू येतं, पण ही मंडळी बहुतांशी फावल्या वेळात काम करतात. आपल्याकडे पगारी टीमचे प्रोजेक्टही किती वेळा लांबतात ते आपल्याला माहीत आहे. असो.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. हे लिनक्सचं कुठलं डिस्ट्रो नाही. कर्नल वेगळा, फाईल सिस्टिम वेगळी, खिडक्या रंगवणारा सर्व्हरसुद्धा स्वतःचा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सर्व्हर चालवणं मात्र इतकं सोपं की लाज वाटावी. सिस्टिमसोबतच पुअरमॅन नावाचा एक छोटासा वेब सर्व्हर येतो, बीओएसच्या काळापासून. त्याला एक फोल्डर दाखवायचं, त्यात एचटीएमएल फाईल टाकायची, मेनूतून चालू करायचा. बस. कोणी पान मागितलं की खिडकीत एक ओळ उमटते. डॉकर नाही, यॅमल नाही, तीनशे ओळींची कॉन्फिगरेशन फाईल नाही. आपल्यातले कित्येक जण मुंबई किंवा हैदराबादच्या क्लाऊड रीजनमध्ये रोज काहीतरी डिप्लॉय करतात, पण पोर्ट ८० वर कोणीतरी कान देऊन बसलेलं असतं आणि हाक आली की फाईल वाचून परत पाठवतं, एवढी साधी गोष्ट त्यांनी डोळ्यांनी कधी बघितलेली नसते. एका शनिवारी संध्याकाळी ती बघायला मिळते. माझ्या मते एवढ्यासाठीही हा उद्योग करावा.

हे यंत्र इंटरनेटवर मात्र उघडं ठेवू नका. हायकू अजून एकट्या माणसाची सिस्टिम आहे. तुम्ही जो म्हणून लॉगिन झालेले असता तोच सर्वाधिकारी. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट घ्यायला एरवी खास परवानगी लागते, इथे कोण कोणाकडे परवानगी मागणार? म्हणजे सर्व्हरमध्ये एक भोक सापडलं की अख्खं घर मोकळं. पुअरमॅनला एचटीटीपीएसही येत नाही. आणि तसंही, घरच्या कनेक्शनवरून बाहेर दुकान मांडणं आता सोपं राहिलेलं नाही. तुमच्या राऊटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तो तुमच्या एकट्याचा नाहीच. हे पत्ते २०१२ साली खास यासाठी राखून ठेवले, की एकाच सार्वजनिक पत्त्याआड कंपनीला हजारो ग्राहक बसवता यावेत. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून तुमच्याकडे कोणी येऊ शकत नाही. सोसायटीच्या गेटवर एकच बेल आणि फ्लॅट नंबर कुठेच नाही, तसं. याबद्दल एकदा वेगळं लिहायचं आहे.

तेव्हा सर्व्हर घरातल्या वाय-फायपुरता. जुना लॅपटॉप चालतो, पण नागपूरकरांना एक सूचना. मे २०१३ मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात जुन्या लॅपटॉपचा पंखा आधीच रडत असतो, आणि म्हणून कोणी तो कूलरसमोर ठेवतो. ठेवू नका. त्या हवेत थंडाव्यासोबत ओलावाही येतो.

आता मुख्य मुद्दा.

मी 'विदर्भ' या शब्दाने सुरू होणारं एक पान लिहिलं आणि फाईललाही तेच नाव दिलं. सर्व्हरला त्याचं काही सोयरसुतक नाही. त्याच्या दृष्टीने तो शब्द म्हणजे यूटीएफ-८ चे अठरा बाईट, आले तसे पाठवायचे. फोनवर पान उघडलं, अक्षर न् अक्षर बरोबर. पण ज्या यंत्राने ते पाठवलं त्याच्याच पडद्यावर, ट्रॅकरच्या खिडकीत, फाईलचं नाव मोडलेलं. पहिली वेलांटी व च्या आधी यायची ती नंतर पडलेली, म्हणजे वाचताना ती द ला लागल्यासारखी दिसते. रफार भ च्या डोक्यावर चढतच नाही, र बिचारा पाय मोडून शेजारी उभा.

फॉन्टचा दोष नाही. देवनागरीत अक्षरं साठवतात एका क्रमाने आणि दिसतात दुसऱ्या. मधलं जुळवाजुळवीचं काम कोणीतरी करावं लागतं. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते. हायकूचा खिडक्या रंगवणारा सर्व्हर स्वतंत्र लिहिलेला, आणि मी वापरलेल्या पाचव्या बीटात ही जुळवाजुळव त्याला येत नाही. रोमन लिपीला तिच्यावाचून अडत नाही, त्यामुळे ती राहून गेली. कोणी मुद्दाम केलेलं नाही. तिथे रोज बसणाऱ्या लोकांना रोज बोचली नाही, इतकंच.

हे आपण आधीही भोगलंय. विंडोज एक्सपीत मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिकमार्क करावी लागे, मग ते सीडी मागायचं, आणि सीडी कधीच सापडायची नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मेसेज म्हणजे चौकोनांची रांग. लिनक्सवर गोष्ट लवकर सुधारली, कारण आपली माणसं तिथे वेळेवर पोचली होती. २००४ साली रेड हॅटने जे लोहित फॉन्ट खुले केले, त्यांच्या घडणीत पुण्याचा मोठा हात आहे. ते त्या वेळी झालं म्हणून आज उबुंटू टाकल्यावर मराठी दिसते का, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही येत नाही.

यावर एक मित्र म्हणतो की हायकू वापरतं कोण, कशाला जीव काढायचा? उद्या ती चालेल की नाही, मलाही सांगता येणार नाही. पण १९९१ मध्ये लिनक्सबद्दल तरी कोणाला सांगता आलं असतं? शिवाय एक गोष्ट दुसरं कोणीच करणार नाही. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांच्यात काय फरक आहे, 'तऱ्हा' मधला र कसा दिसायला हवा, हे बर्लिनच्या प्रोग्रॅमरला कळायचं कसं? हिंदीवाल्यांचंही त्यावाचून अडत नाही. ते मराठी वाचणाऱ्यानेच सांगायला हवं, स्क्रीनशॉट जोडून, कसं दिसतं आणि कसं दिसायला हवं ते लिहून. त्यासाठी सी++ सुद्धा यावं लागत नाही.

करून बघायचं असेल तर पेनड्राईव्हवरून बूट करा, हार्ड डिस्कला हात लावू नका. पुअरमॅन चालू करा आणि त्याच्या फोल्डरमध्ये या नावांच्या फाईली ठेवा: विदर्भ, तऱ्हा, सुऱ्या, कर्तृत्व, ज्ञानेश्वरी, उद्ध्वस्त. मग ट्रॅकरमध्ये बघा. 'उद्ध्वस्त' बघितल्यावर हसायला हरकत नाही.