बर्फावरची नूरजहाँ

"मॅडम, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या भारताच्या संघात नूरजहाँ नावाची मुलगी आहे म्हणे. खरं का?" नववीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत विचारले.

खरे आहे. लेहची नूरजहाँ आपल्या महिला आइस हॉकी संघाची गोलरक्षक. शिवाय जुन्या बौद्ध मठांतली भित्तिचित्रे जतन करण्याचे काम ती करते.

आमच्या पवना धरणाचे पाणी कधी गोठत नाही. मग हा प्रश्न का? दुसऱ्या दिवशी कळले. शाळेच्या कबड्डी संघात तिचे नाव होते, सामने वडगावला होते आणि घरून नकार आला होता. मी तिच्या अम्मींना भेटले. त्यांच्या काळज्या तीन : कपडे, खर्च आणि सोबत.

तिन्ही रास्त आहेत. लडाखच्या मुलींच्या घरीही त्या निघाल्याच असतील.

कपड्यांचे म्हणाल, तर आइस हॉकीत डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलेलेच असते. अमिरातीची फातिमा अल अली हिजाब घालून हा खेळ खेळते. कबड्डीसाठीही पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, लांब ट्रॅकपँट आणि घट्ट बसणारा स्कार्फ चालतो का, हे शाळेने आधी विचारून घेता येते.

खर्चाचे म्हणाल, तर २०१६ साली या मुली पहिल्यांदा परदेशी, तैपेईला खेळायला गेल्या, तेव्हा लोकांनी थोडीथोडी वर्गणी दिली होती. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्लब संघांतही बराचसा खर्च खेळाडू स्वतः वर्गणी काढून भागवतात. आपल्याला तर फक्त वडगावचे भाडे आणि डबा लागणार होता.

राहिली सोबत. लडाखच्या मोठ्या खेळाडू गावोगावच्या लहान मुलींना खेळ शिकवतात. त्यामुळे नव्या मुलीला एकटे वाटत नाही.

पदक मिळेलच असे मी अम्मींना सांगितले नाही. तैपेईला आपल्या मुली सगळे सामने हरल्या. २०१७ मध्ये बँकॉकला पहिले विजय मिळाले. कांस्यपदक आले ते २०२५ मध्ये, अमिरातीतल्या अल ऐन शहरात. हरून आलेल्या मुलींना तेव्हा घरच्यांनी पुन्हा पाठवले, म्हणून हे झाले.

हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण हदीसमध्ये वाचतो. मुलीच्या धावण्याला दीनचा विरोध आहे, असे घाईने म्हणू नये.

पालकहो, काळजी जरूर करा, प्रश्नही विचारा. पण उत्तर शोधण्याआधी "नाही" म्हणू नका. शाळेत या, आमच्याशी बोला.

अम्मींनी शेवटी एकच विचारले, "मी आले तर चालेल?"

चालेल म्हणजे काय! त्या दिवशी बसमध्ये आमच्या संघाबरोबर त्या होत्या. मुली हरल्या. परतताना अम्मींनीच विचारले, "पुढच्या वर्षी सराव कधीपासून?"